रेघेपर्यंत पाणी

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको, की म्हातारा गोड बोलून दया मिळवतोय. चौतीस वर्षं मी कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर काढली. तिथे गोड बोलून काही होत नाही. बॉयलरला उभी, हातभर लांब काचेची नळी असते, आतलं पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. नळीवर लाल रेघ. पाणी रेघेखाली जाऊ द्यायचं नाही. जरा उतरलं की भरायचं, हातातला घास खाली ठेवून भरायचं. माझ्या आधी त्या जागेवर जो होता, त्याला एकदा डुलकी लागली. मी लागलो तेव्हा खोलीची एक भिंत नवी कोरी होती. का, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दर तासाला वहीत नोंद करायची. वेळ, दाब, पाणी. पाण्याच्या रकान्यात चौतीस वर्षं मी एकच शब्द लिहिला, ‘रेघेवर’. साहेब बदलले, कारखान्याचा मालक बदलला, माझा शब्द बदलला नाही. याचा मला माज होता. आता कशाला लपवू?

ठमी माझी नात. दोन वर्षांची. खरं नाव वेगळं आहे, पण हट्टाला पेटली की पाय रोवून अशी उभी राहायची की दोघांनी ओढली तरी हलायची नाही, म्हणून मीच ठमी म्हणायला लागलो आणि तेच चिकटलं. रविवारी तिला ताप आला. सोमवारी खोकला असा, की ऐकवेना. मुलगा मालाच्या गाडीवर, आठवडाभर बाहेर. सूनबाई शिलाईच्या कारखान्यात, तिने रडूनभेकून अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळवली आणि आम्ही तिघं दवाखान्यात गेलो.

तिथल्या नर्सने ठमीचा फ्रॉक वर केला, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि म्हणाली, “एक मिनिट कोणी बोलू नका.” मला तसं कोणी गप्प बसवलेलं चालत नाही, पण बसलो. ती ठमीच्या पोटाकडे बघत श्वास मोजत होती. पूर्ण एक मिनिट. मोजणारं माणूस मला आवडतं.

“बावन्न,” ती म्हणाली. “या वयाला चाळीसच्या आत हवेत. न्यूमोनिया आहे. पण छाती आत ओढली जात नाहीये, दूध पितेय, म्हणजे घरी औषध देऊन बरी होईल. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायचं नाही. आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तर वाट बघायची नाही, सरळ रुग्णालय गाठायचं.”

सूनबाईने मान डोलावली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “बाबा, औषध तुम्हीच द्या. मला उद्यापासून जावंच लागेल, नाहीतर जागा जाईल. आईंच्या लक्षात राहत नाही. तुम्ही घड्याळ लावून द्याल.”

खरं सांगतो, बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून माझ्यावर कोणी काही सोपवलं नव्हतं. दिवसभर घरात बसून मी नळाचे वायसर बदलायचो आणि बायकोच्या शिव्या खायचो.

औषधाच्या खिडकीवर ही गर्दी. आतल्या माणसाने दोन छोट्या बाटल्या पुढे केल्या, तळाशी पांढरी पावडर. “उकळून गार केलेलं पाणी घालायचं, या रेघेपर्यंत,” त्याने बाटलीवर नख टेकवलं. “मग हलवायचं. एक चमचा सकाळी, एक संध्याकाळी. आणि हे बघा आजोबा...” इतक्यात मागच्या बाईचं कोपर माझ्या बरगडीत घुसलं. मी फिरलो. म्हटलं, बाई, मी काय इथे भाजी निवडायला उभा आहे का? ती म्हणाली, म्हातारे झालात तरी जीभ म्हातारी होत नाही. मग मी आणखी बोललो, तीही बोलली. आतला माणूस अजून काहीतरी सांगत होता, ते माझ्या कानावरून गेलं. ‘एक संपली की...’ एवढंच आठवतं. सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, “समजलं ना?” मी म्हटलं, “चौतीस वर्षं बॉयलर सांभाळलाय मी.” त्याने पुढच्या माणसाचा कागद घेतला.

घरी येऊन बाटली उजेडात धरली. कागदी पट्टीवर बारीक लाल रेघ, शेजारी बाण. ती रेघ बघितली आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आता हे काम माझं.

पाणी उकळलं, गार केलं, बरोबर रेघेपर्यंत घातलं. खळखळ हलवलं. गुलाबी झालं, गोड वास सुटला. ठमीने चमचा चाटूनपुसून साफ केला आणि ‘अजून’ म्हणून हात पुढे केला. मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून भिंतीला लावलं आणि रकाने आखले. वार, वेळ, औषध, पाणी. सोमवार, सात, एक चमचा. मग बाटलीकडे बघितलं. पातळी रेघेच्या खाली उतरली होती.

काय केलं असेल मी? हात आपोआप गेला हो. चौतीस वर्षांचा हात. उरलेल्या उकळलेल्या पाण्यातलं घातलं, रेघेला आणलं, हलवलं, झाकण लावलं आणि चौथ्या रकान्यात लिहिलं, ‘रेघेवर’.

मंगळवारी सकाळी तसंच, संध्याकाळी तसंच. रोज पाणी ताजं उकळायचो. बायको म्हणाली, “अहो, एवढ्याशा औषधाला केवढा हा सोहळा!” मी म्हटलं, “तुझ्या हातात दिलं असतं तर पोरीला औषधाऐवजी केसांना लावायचं तेल पाजलं असतंस.” ती हसली. सूनबाईही हसली. बुधवारी ठमीचा ताप उतरला आणि तिने माझी एक चप्पल खिडकीतून खाली टाकली. इतका आनंद मला माझ्या पगारवाढीचाही झाला नव्हता. सूनबाईने कॅलेंडरच्या पानाकडे बघितलं, बोटाने एकेक ओळ वाचली आणि म्हणाली, “बाबा, तुमच्यामुळे मी निवांत जाते.”

गुरुवारी ठमी पुन्हा खोकायला लागली. चमचा तोंडाशी नेला तर घेतला, पण चाटला नाही. औषध ओठांच्या कडेने गळ्यावर ओघळलं. मला वाटलं, तापाने तोंडाची चव गेली असेल. गुलाबी रंग फिका पडला होता हेही दिसलं मला. आंधळा नाही मी. पण वाटलं, पावडर खाली बसत असेल, म्हणून जोरात हलवलं. दुसरी बाटली तशीच कोरडी, फळीवर. मी बायकोला अभिमानाने म्हटलंसुद्धा, “बघ, नीट वापरलं की पुरतं. दुसरी उघडायची वेळच आली नाही.”

शुक्रवारी सकाळी सातला मी चमचा घेऊन गेलो तर ठमी आईच्या मांडीवर पडलेली. डोळे अर्धवट. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत जात होती, प्रत्येक श्वासाला एक खड्डा पडत होता आणि भरत होता. नाकपुड्या फुगत होत्या. सूनबाईने माझ्याकडे बघितलं. ती उठली आणि तिने पोरीला गोधडीत गुंडाळलं.

रिक्षात माझं तोंड सुटलं. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना रोग. औषधवाल्याला बोललो, औषधात दमच नाही म्हटलं. सरकारला बोललो. मग बायको हळूच म्हणाली, “सोमवारी हिने पोरीचे केस धुतले ना, तेच बाधलं,” आणि मीही सूनबाईवर घसरलो. “चार दिवस घरी राहिली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं? आईच घरी नसली तर औषध काय करणार?” सूनबाई ठमीच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलंसुद्धा नाही. हे मी बोललो. माझ्याच तोंडाने बोललो.

रुग्णालय लहान, दहा-बारा खाटांचं. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी ठमीच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, छाती ऐकली, मग विचारलं, “औषध पूर्ण दिलंत? एखादा चमचा चुकला असेल तर सांगा, मी रागावणार नाही.”

मी खिशातून घडी केलेलं कॅलेंडरचं पान काढलं. येताना भिंतीवरून फाडून घेतलं होतं, म्हटलं पुरावा असावा. “सकाळी सात, संध्याकाळी सात. घड्याळ लावून. एक मिनिट इकडचं तिकडे नाही.”

त्यांनी पानावरून नजर फिरवली. वेळा बघितल्या. चौथा रकाना त्यांनी वाचला की नाही कोण जाणे, आणि वाचला असला तरी त्यांना काय कळणार! “असे सगळे लिहून ठेवतील तर किती बरं होईल,” त्या म्हणाल्या आणि पान मला परत दिलं. मग सूनबाईला बाजूला घेतलं, पण मला ऐकू येत होतं. “औषध पूर्ण देऊनही वाढलंय. म्हणजे हा जंतू त्या औषधाला दाद देत नाही. त्याच जातीचं इंजेक्शन माझ्याकडे आहे, पण ते देऊन वेळ घालवण्यात अर्थ नाही. वरचं लागेल, ते इथे नाही. मोठ्या रुग्णालयात पाठवते. तीन तास लागतील. मुलगी दमली आहे. वाटेत काही होणारच नाही, असं मी नाही सांगू शकत. पण इथे ठेवून मी देऊ काय?”

सूनबाईने विचारलं, “दुसरा काही मार्ग नाही?” त्यांनी मान हलवली आणि गाडीसाठी फोन करायला गेल्या.

मी खाटेच्या कडेला उभा होतो. शेजारच्या खाटेवर एक बाई आपल्या बाळाला औषध पाजत होती. तीच बाटली, तीच लाल रेघ. पण औषध अर्ध्याच्याही खाली. मला राहवलं नाही. सवय ना! म्हटलं, “अहो ताई, तुमच्या बाटलीतलं पाणी उतरलंय. भरून ठेवा.”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं गर्दीत कोणी अनोळखी माणूस अंगचटीला येतो तेव्हा बघतात. “उतरणारच की काका. तीन दिवस देतेय. पाणी काय, एकदाच घालायचं असतं.”

मी खाटेचा लोखंडी गज धरला. एकदाच. सोमवारपासून मी वरून आणखी सात वेळा घातलं होतं.

पिशवी घेऊन मी बाहेर हात धुवायच्या जागेशी गेलो. पिशवीत ती बाटली होती, काठोकाठ नाही, बरोबर रेघेवर. मी झाकण उघडलं. आत गुलाबी असं काही उरलंच नव्हतं, तांदूळ धुतल्यासारखं पाणी. ओतून टाकलं असतं तर संपलं होतं. जंतू चिवट, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. औषधवाला वाईट, सरकार वाईट, सून कामावर गेली. सगळ्यांच्या वाट्याला काहीतरी आलं होतं आणि माझ्या हातात नीट लिहिलेला कागद होता. मी बाटली तिरकी केली. एक थेंब पडलासुद्धा.

आत बायको अजूनही केस धुतल्याचं बोलत होती, तिचा आवाज येत होता. मग गाडीवाला आला आणि म्हणाला, “ऑक्सिजनची टाकी अर्धी आहे, चालेल ना?” ते मी ऐकलं. अर्धी टाकी. चौतीस वर्षं मी अर्ध्यावर काही चालवलं नव्हतं.

आत गेलो. डॉक्टरीणबाई कागद लिहीत होत्या. मी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली, शेजारी दुसरी, कोरडी, सील न फोडलेली.

“चार दिवस झाले,” मी म्हटलं. “आणि ही अजून रेघेवर आहे.”

त्यांना आधी कळलं नाही. मग त्यांनी बाटली उचलून उजेडाकडे धरली. “प्रत्येक वेळी पाणी घालत होतात?”

“प्रत्येक चमच्यानंतर. कमी झालं की भरायचं, मला वाटलं...” सूनबाई खाटेशी पाठमोरी होती, ती वळली.

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्यांनी पेन घेतलं आणि विचारलं, किती चमचे, किती वेळा भरलं, आज सकाळचा दिला का? मी पोलिसापुढे उभा असल्यासारखी उत्तरं दिली. त्यांनी कागदाच्या कडेला हिशेब मांडला. “काल संध्याकाळच्या चमच्यात औषध तिसरा हिस्सासुद्धा नव्हतं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे तिला औषध लागू पडलं नाही असं नाही. तिला ते मिळालंच नाही.” आणि नर्सला हाक मारली, “गाडी थांबवा. आपल्याकडचंच इंजेक्शन भरा. आत्ता.”

सूनबाई माझ्याजवळ आली. मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं. तिने टेबलावरच्या दोन्ही बाटल्या उचलल्या, आपल्या पिशवीत ठेवल्या, चेन लावली आणि परत ठमीजवळ जाऊन बसली.

तो दिवस गेला, रात्रही गेली. शनिवारी दुपारी वाटलं की नाहीच. श्वास साठच्या वर, ओठ काळसर, सुई टोचली तरी रडायची नाही. मी बाहेरच्या बाकावर बसून राहायचो. आत गेलो की सूनबाई उठून खिडकीशी जायची, म्हणून जातच नव्हतो. नर्स येता-जाता आकडा सांगायची. अठ्ठावन्न. चौपन्न. पुन्हा सत्तावन्न. मुलगा आला, त्याला बायकोने सगळं सांगितलं. तो माझ्यासमोरून सरळ आत गेला. रविवारी सकाळी नर्स म्हणाली, सेहेचाळीस, आणि दूध मागितलं. मी बाकावर ओक्साबोक्शी रडलो. माझ्यासाठी कोणी बाहेर आलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

बुधवारी घरी आलो. आणखी तीन दिवस तोंडाने औषध द्यायचं होतं. बाटली सूनबाईच्या खोलीत. तिने कामावरून सुट्टी घेतली नाही, जागाच सोडली. मला कोणी बोललं नाही, तेवढं जेवायला वाढायचे. भिंतीवर त्या कॅलेंडरच्या पानाचा खिळा तसाच होता. मी तो उपटून काढला आणि भोक बोटाने चाचपत बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला मी दाराबाहेर बसलो होतो. घड्याळ मी लावलं नव्हतं, तरी मला कळत होतं सात वाजले. आतून ठमीचा आवाज आला. ओठ घट्ट मिटून ती ‘अंहं’ करत होती. सूनबाईने लाडीगोडी लावली, मग दटावलं, मग मुलाने पकडून बघितलं. ठमी पाय रोवून उभी. “आबा,” ती म्हणाली. “आबा देणार.” सोमवारपासून गुरुवारपर्यंत तिला कोणी दिलं होतं, ते तिच्या लक्षात होतं. बाकी काही तिला कळत नव्हतं.

सात वाजून दहा मिनिटं झाली. सात वाजून वीस. मी उठलो नाही. मला बोलावलं नव्हतं.

मग पडदा सरला. सूनबाई दारात उभी, एका हातात बाटली, दुसऱ्या हातात चमचा. बाटली अर्धी होती, मी बघितलं. तिने चमचा भरला, नीट काठापर्यंत, उजेडात धरून बघितला आणि माझ्या हातात दिला. बाटली तिने झाकण लावून छातीशी धरली.

“सांडू नका,” ती म्हणाली. बाबा म्हणाली नाही.

मी दोन्ही हातांनी चमचा धरून आत गेलो.